मंडपाची साक्ष

बार्सिलोना येथे १९२९ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जर्मनीचा मंडप मे महिन्यात उघडला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी प्रदर्शन उठले तसा तोही उतरवला गेला. मीस व्हॅन डर रोह आणि लिली राइख यांनी रचलेल्या या मंडपात दाखवायला माल जवळजवळ नव्हताच. आठ चकचकीत पोलादी खांब, त्यांवर सपाट छत, छताला टेकू न देता स्वतंत्र उभ्या असलेल्या संगमरवराच्या आणि ऑनिक्सच्या भिंती, दोन उथळ हौद, त्यांपैकी एकात गेओर्ग कोल्बे यांचे स्त्रीशिल्प, एवढाच ऐवज. १९८६ साली तो मूळ जागी पुन्हा बांधला गेला. मधली छप्पन वर्षे ही वास्तू जगाच्या पाठीवर कुठेच नव्हती. उरली होती ती मोजक्या कृष्णधवल छायाचित्रांत आणि थोड्याफार आराखड्यांत. नवल असे की नेमक्या याच काळात ती विसाव्या शतकातल्या थोर वास्तूंमध्ये जाऊन बसली. हुआन पाब्लो बोंता या अभ्यासकाने १९७५ साली तिच्यावरच्या लेखनाचा मागोवा घेतला, तेव्हा दिसले ते असे: मंडप उभा होता त्या काळात समीक्षकांनी त्याची फारशी दखल घेतली नव्हती, आणि पुढे ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले त्यांतल्या अनेकांनी तो पाहिलेलाच नव्हता. मग जगभरच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दोन पिढ्या जो मंडप ‘ठाऊक’ होता, तो कोणत्या अर्थाने ठाऊक होता? आपल्याकडच्या दार्शनिकांनी हाच प्रश्न अधिक नेमका विचारला असता: या ज्ञानाचे प्रमाण, म्हणजे ते मिळण्याचे साधन, कोणते?

सहज सुचणारे उत्तर म्हणजे प्रत्यक्ष. मंडप डोळ्यांनी पाहिला, फक्त कागदावर पाहिला. केंडल वॉल्टन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८४ साली हे मत मोठ्या धिटाईने मांडले. आरशातून किंवा दुर्बिणीतून आपण वस्तूच पाहतो, तसे छायाचित्रातूनही वस्तूच पाहतो, छायाचित्र पारदर्शक असते, असे त्यांचे म्हणणे. चित्रकाराच्या हातून आलेली रेघ त्याच्या समजुतीतून येते. कॅमेऱ्यातला ठसा प्रकाशातून येतो, कुणाच्या समजुतीची वाट न पाहता. हे मत टाकाऊ नाही. माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत तर ते बरेच पटते. पण मंडपाशी आल्यावर ते अडते, आणि का अडते हे पाहण्यासारखे आहे. आरशासमोर मान हलवली की आरशातले दृश्यही सरकते. दुर्बीण फिरवली की पुढचे शिखर दिसते. पाहणाऱ्याचे शरीर आणि पाहिलेली वस्तू यांच्यातला व्यवहार तिथे चालू असतो. न्यायसूत्रांत प्रत्यक्षाला इंद्रिय आणि विषय यांचा संनिकर्ष लागतो तो याच अर्थाने. छायाचित्रात हा व्यवहार थांबलेला असतो, आणि मंडप तर चालूनच कळतो. खांबामागून खांब सरकतो, भिंत संपते आणि तिच्याआडून पाणी दिसू लागते, छताखालच्या सावलीतून उन्हात पाय पडतो, आणि या साऱ्या बदलांच्या जोडणीतून ‘हा असा मंडप आहे’ हे ज्ञान होते. बार्सिलोनाच्या मंडपात तर ठरावीक अशी वाटच नाही. भिंती वाट अडवतात आणि वळवतात. एका ठिकाणी खिळलेल्या डोळ्याला त्याच्या भिंती दिसतील, त्यांनी घडवलेले वळण दिसणार नाही.

दुसरे उत्तर अनुमानाचे. धूर दिसला की अग्नीचे अनुमान होते, तसे कागदावरचे काळेपांढरे डाग पाहून आपण खांबांचे अनुमान करतो, कारण त्या खांबांवरून आलेल्या प्रकाशानेच ते डाग पाडलेले आहेत. छायाचित्र न्यायालयात पुरावा म्हणून चालते ते याच विश्वासावर. खांब होता, त्यावर ऊन पडले होते, सावली अमुक बाजूला होती, एवढ्यापुरते हे उत्तर पुरते. परंतु धूर काही सांगण्यासाठी निघत नाही. उलट छायाचित्र काढणारा माणूस कुठे उभे राहायचे, कोणत्या घटकेला, कोणती भिंत चौकटीत घ्यायची आणि कोणती कापायची, हे ठरवून मग बटण दाबतो. बार्सिलोनाच्या मंडपाची गाजलेली छायाचित्रे बर्लिनच्या एका छायाचित्रसंस्थेने काढलेली होती. त्यांत सोनेरी ऑनिक्स राखाडी झाला, हिरवा संगमरवर राखाडी झाला, काचेआडचा लाल पडदाही राखाडीच. रंगांवर जगणाऱ्या वास्तूची कीर्ती रंगहीनतेवर वाढली. पुढे ‘आधुनिक वास्तू म्हणजे संयम, म्हणजे रंगाला रजा’ ही समजूत पसरली, तिच्यात या राखाडीचा वाटा नसेलच असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. धुरावरून अग्नीचे अनुमान करताना अशी फसगत होत नाही, कारण धूर काही निवडत नाही.

म्हणून तिसरे उत्तर अधिक खरे वाटते: मंडपाचे छायाचित्र हे शब्दप्रमाणाच्या जातीचे आहे. त्यात अक्षरे नाहीत ही गोष्ट गौण. महत्त्वाचे हे की एक माणूस तिथे जाऊन आला, त्याने काही पाहिले, आणि जे आपण पाहिले नाही ते तो आपल्याला कळवतो आहे. न्यायभाष्यात वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावे ते सांगितले आहे: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला कळवण्याची ज्याची इच्छा आहे तो. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. कुळ किंवा पद यांपैकी काहीच आप्ततेला पुरत नाही. पाहणे आणि प्रामाणिकपणे सांगणे या दोनच अटी. छायाचित्राच्या बाबतीत आपण पहिली अट आपोआप पुरी झाली असे धरतो, कारण कॅमेरा तिथे असल्याशिवाय चित्र येत नाही. आणि पहिली पुरी झाली म्हणून दुसरीही पुरी झाली असे नकळत मानून बसतो. खरी चूक इथे होते.

क्योतोजवळच्या कात्सुरा राजवाड्याची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. बागेत विखुरलेली चहागृहे आणि तळ्याकाठची मुख्य घरे अशी ती सतराव्या शतकातली रचना. यासुहिरो इशिमोतो या छायाचित्रकाराने १९५३–५४ च्या सुमारास तिची कृष्णधवल छायाचित्रे काढली आणि १९६० साली ती केन्झो तांगे व वॉल्टर ग्रोपियस यांच्या लेखांसह ग्रंथरूपाने निघाली. इशिमोतो शिकागोत शिकलेले, तांगे आधुनिक वास्तुकलेचे जपानमधले अग्रणी. ग्रंथात कात्सुराची छपरे फारशी दिसत नाहीत. चौकट अशी बसवली आणि कापली आहे की उरतात ते उभेआडवे लाकडी दांडे, कागदी तावदाने, चटयांच्या कडा आणि पायवाटेचे दगड. पाहणाऱ्याला वाटावे, युरोपला जे विसाव्या शतकात सुचले ते जपानी राजपुत्राला तीनशे वर्षे आधीच सुचले होते. मग १९७६ ते १९८२ या काळात मुख्य घरांची दुरुस्ती झाली आणि इशिमोतो पुन्हा तिथे गेले. या वेळची छायाचित्रे रंगीत होती, आणि १९८३ साली ती आराता इसोझाकी यांच्या लेखासह प्रसिद्ध झाली. आता छपरांचे बाक दिसले, पितळी नक्षीचे तुकडे दिसले, शोकिन-तेई या चहागृहातली निळ्या-पांढऱ्या चौकटींची कागदी भिंत आपल्या निळेपणासकट दिसली. राजवाडा तोच, डोळाही त्याच माणसाचा. खोटे पहिल्या वेळीही काही नव्हते. एकही दांडा कल्पनेतला नव्हता. तरी दोन साक्षी दोन वेगळ्या वास्तूंच्या वाटाव्यात इतक्या लांबच्या आहेत. प्रत्यक्षाच्या किंवा अनुमानाच्या भाषेत हा फरक सांगता येत नाही. साक्षीदार काय सांगू पाहत होता, कोणाला, आणि काय सांगायचे टाळत होता, या भाषेतच तो सांगता येतो.

यावर बौद्ध न्यायाच्या बाजूने एक तीक्ष्ण आक्षेप येऊ शकतो. दिङ्नागाच्या मते खरे प्रत्यक्ष तेच, ज्यात कल्पनेचा स्पर्श नाही. नाव, जात, गुण यांची जोड लागण्याआधीचे, त्या क्षणापुरत्या असलेल्या स्वलक्षणाचे ज्ञान. माणसाला असे पाहणे टिकवता येत नाही, कारण खांब दिसताक्षणीच ‘खांब’ हा विकल्प येऊन बसतो. पण कॅमेऱ्याला विकल्प नाहीत. त्याला खांब ठाऊक नाही, देऊळ ठाऊक नाही, जपान ठाऊक नाही. सेकंदाच्या शंभराव्या भागात जे समोर होते ते त्याने घेतले. मग कॅमेरा हाच सर्वांत शुद्ध प्रत्यक्ष करणारा नव्हे काय? आक्षेप देखणा आहे, आणि त्यातले अर्धे मान्य करावे लागते. पडदा उघडून मिटला त्या क्षणात कल्पना नाही हे खरे. पण त्या क्षणाच्या आधी कल्पना आहे आणि नंतरही. तिपाई रोवली ती ‘इथून चांगले दिसते’ या निर्णयावर. ढग जाण्याची वाट पाहिली ती अमुक सावली हवी म्हणून. आणि अंधाऱ्या खोलीत किंवा संगणकावर कडा छाटल्या त्या तर उघड उघड विकल्पाने. दिङ्नागाचे निर्विकल्प प्रत्यक्ष अशा रीतीने मागवता येत नाही. छायाचित्रात जे निर्विकल्प आहे ते कच्च्या मालासारखे आहे, आणि आपल्याला पोहोचतो तो घडवलेला माल.

घडणीची एक खूण तर इतकी सर्वत्र आहे की ती घडण आहे हेच ध्यानात येत नाही: मंडपाच्या छायाचित्रात माणसे नसतात. मद्रास फौजेतला अधिकारी अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ साली हंपीची छायाचित्रे मेणावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर काढली. त्या काळी एका चित्राला बराच वेळ भिंग उघडे ठेवावे लागे. हलणारी माणसे त्यावर ठसत नसत, किंवा धुरकट पुसट होत. आधीच ओस पडलेली विजयनगरची राजधानी त्यामुळे आणखीच ओस दिसली. पुढे काचा बदलल्या, फिल्म आली, डिजिटल आले, क्षणाच्या अंशात चित्र निघू लागले. तरी वास्तूच्या छायाचित्रात माणूस नको ही रीत कायम राहिली. पहिल्या पिढीचा नाइलाज नंतरच्या पिढ्यांची अभिरुची झाला. आता पहाटे सहाला जाऊन, पर्यटक येण्याआधी, चौक रिकामा मिळवणे हे कौशल्य समजले जाते. सभामंडप हा ज्या गोष्टीसाठी बांधलेला असतो ती गोष्ट तिथे नसताना तो टिपला की तो ‘शुद्ध’ मिळतो, ही समजूत किती चमत्कारिक आहे! नदीचे पाणी आटल्यावर घाटाचे चित्र काढून ‘हा खरा घाट’ म्हणण्यासारखीच.

हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या बाबतीत हा रिकामेपणा आणखी खोल आहे. तिथे विठ्ठल नाही. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरला नेलेली मूर्ती पंढरीला परत आणली, असे वारकरी परंपरा सांगते. इतिहासकार त्यावर वाद घालतात, तो इथे बाजूला ठेवू. मुद्दा असा की त्या मंदिराचे छायाचित्र पाहणाऱ्याला ‘विठ्ठल नाही’ हे दिसते काय? भाट्ट मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच मानले. नैयायिक म्हणाले, अभाव इंद्रियांनीच कळतो. प्राभाकर म्हणाले, अभाव म्हणून वेगळे काही नाही, नुसती जमीन दिसते, बस्स. तिघांचे भांडण जुने आहे, पण एक अट सगळ्यांच्या विचारात कुठे ना कुठे येते. जे नाही ते काय, हे आधी ठाऊक हवे. ज्याला घट म्हणजे काय ते माहीत नाही त्याला घटाचा अभाव कळणार नाही. पंढरीची वारी ज्याच्या घरात आहे त्या माणसाला हंपीच्या त्या छायाचित्रात न दिसणारी एक गोष्ट ठळक दिसते, आणि दुसऱ्या कुणाला त्याच छायाचित्रात केवळ सुबक खांब दिसतात. ठसा दोघांपुढे एकच आहे. वाक्य कळायला जसा भाषा जाणणारा ऐकणारा लागतो, तसा छायाचित्राचा अर्थ लागायला त्या वास्तूचे सोयरेपण असलेला पाहणारा लागतो. शब्दप्रमाणाशी असलेले छायाचित्राचे नाते इथे दुसऱ्या बाजूने पक्के होते: साक्ष देणाऱ्याइतकीच ती घेणाऱ्याचीही तयारी लागते.

त्याच मंदिराच्या आवारात कॅमेऱ्याची आवड कशाकडे आहे हेही उघडे पडते. दगडी रथ आणि त्याच्यासमोरचा महामंडप जवळजवळ आहेत. रथ म्हणतात ते खरे तर रथाच्या आकाराचे गरुडाचे देऊळ. पन्नास रुपयांच्या नोटेवर तो रथ आला. महामंडप आला नाही. (नुसते खांब छापले तर नोटेवर ते ओळखणार कोण, हेही खरेच.) रथ ही वस्तू आहे, तिला भोवतीने बाह्यरेषा आहे, ती चौकटीत मावते. मंडपाची मुख्य गोष्ट मात्र खांब नव्हेत, खांबांनी आखलेली पोकळी. बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते की चाके, आस, दांडी यांपैकी रथ कोणता. मंडपाबाबत तर सगळे अवयव हाती लागले तरी नेमके हवे ते हातून निसटते. वेदान्ती घटाकाश आणि मठाकाश यांचा दृष्टान्त देतात: घटातले आकाश आणि मठातले आकाश वेगळे भासते ते भिंतींच्या उपाधीमुळे, भिंत फुटली तर आकाशाला काही होत नाही. छायाचित्र उपाधी टिपते, आणि तिच्यावरून आतले आकाश आपण समजून घेतो. आकाश डोळ्यांना दिसतच नाही, असे वैशेषिकांचे मत. ध्वनी हा त्याचा गुण, त्यावरून ते जाणायचे. शंकराचार्यांनीही अध्यासाचे उदाहरण देताना म्हटले आहे की आकाश प्रत्यक्ष नसूनही अजाण लोक त्याच्यावर निळ्या तळाचा आणि मळकटपणाचा आरोप करतात. हंपीच्या त्या महामंडपातले बारीक खांब वाजवले की सूर निघतो, म्हणूनच ते प्रसिद्ध. नुकसान होते म्हणून आता वाजवायला मनाई आहे. जिथे पोकळी कानांनी कळावी अशी योजनाच होती, तिथे बहिरे छायाचित्र ही पोकळीबद्दलची दुसऱ्याकडून आलेली बातमीच ठरते. बातमी खरी असू शकते. ती बातमी आहे, एवढे ध्यानात ठेवायचे.

आता खरा अवघड आक्षेप, आणि तो धर्माच्या बाजूचा आहे. आपल्या घरांत विठ्ठलाची, दत्ताची, गुरूंची छायाचित्रे भिंतीवर असतात. त्यांना हार घालतात, उदबत्ती ओवाळतात, हात जोडतात. तिथे छायाचित्र ही निव्वळ बातमी नसते. भक्ताला त्यातून दर्शन घडते. देवाचे छायाचित्र देवाला पोहोचवू शकते, तर मंडपाचे छायाचित्र मंडपाला का पोहोचवू नये? याचे उत्तर भक्तीच्या रीतीतच आहे. देवाच्या समोर उभे राहतात. मंडपात उभे राहतात. मूर्तीला मुख असते, दर्शन म्हणजे समोरासमोर येणे, आणि मूर्ती स्वतःच प्रतिमा असल्यामुळे तिची आणखी एक प्रतिमा काढली तर नात्याचा घाट बदलत नाही. भिंतीवरचा विठ्ठलही भक्ताच्या समोरच असतो. मंडपाशी माणसाचे नाते समोरासमोरचे नाहीच. मंडप त्याला आत घेतो आणि दुसऱ्या कशाच्या तरी, देवाच्या, कीर्तनकाराच्या, शेजारच्या माणसाच्या, समोर उभे करतो. कॅमेऱ्याला मात्र समोर राहण्यावाचून गत्यंतर नाही. मंडपाच्या आत ठेवला तरी तो कुठल्या तरी खांबासमोरच असतो. म्हणून मंडपाच्या छायाचित्राला कोणी हार घालत नाही. हा अनादर नाही; नात्याचा प्रकार लोकांना न शिकवता कळलेला आहे.

मंडपाशीही समोरासमोरचे नाते जोडले की काय होते, याचा दाखला क्योतोतच आहे. किंकाकुजी, म्हणजे सुवर्णमंडप, १३९७ साली शोगुन योशिमित्सूच्या निवृत्तिस्थानाचा भाग म्हणून उभारला गेला. पुढे ते झेन मंदिर झाले आणि तिमजली मंडप बुद्धाच्या अवशेषांचे स्थान म्हणून मानला गेला. १९५० साली तिथल्याच एका तरुण भिक्षूने तो जाळला, आणि १९५५ साली तो पुन्हा बांधला गेला. १९८७ साली त्यावर आधीपेक्षा जाड सोन्याचा वर्ख चढवला. आज सर्वसाधारण पाहुण्याला आत जाता येत नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठावरून, सगळ्यांनी जवळजवळ एकाच जागेवरून, पाण्यातल्या प्रतिबिंबासह तो पाहायचा आणि टिपायचा. जगात सर्वत्र पोहोचलेले किंकाकुजीचे चित्र त्या काठावरचेच आहे. बांधणाऱ्याने आत बसून तळे पाहण्यासाठी जी जागा केली, ती तळ्यापलीकडून पाहण्याची मूर्ती झाली. त्यात वाईट काय, असे कोणी विचारेल. सोन्याचा मंडप पाण्यावर सुंदरच दिसतो, आणि जुन्या लाकडाला गर्दीपासून वाचवायचे तर दार बंद ठेवावेच लागते, शिवाय हे लाकूड दुसऱ्यांदा उभे राहिलेले आहे. मान्य. तरी एवढे नोंदवावे लागते की समोर उभे राहण्याच्या सवयीने एका मंडपाचे मंडपपण संपले, आणि त्याला भरपूर छायाचित्रे मिळाल्याने ते परत आले नाही.

याचा अर्थ मंडपांची छायाचित्रे काढू नयेत असा नाही. शब्दप्रमाणाला खालचे मानणारा माणूस आपला जन्मदिवसही सांगू शकणार नाही. तो त्याला आईकडूनच कळलेला असतो. साक्ष नसेल तर क्षणभंगुर वास्तूंबद्दल आपल्याला काहीच कळले नसते. स्टुडिओ मुंबईचे बिजॉय जैन यांनी २०१६ साली मेलबर्नच्या एका सार्वजनिक बागेत बांबूचा मंडप बांधला. छताला कारवीच्या काठ्या होत्या, ज्या कोकणात कूड घालायला पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जातात. मोसम संपल्यावर तो मंडप त्या बागेतून हलवला गेला. अलिबागच्या माणसाला आपल्या गोठ्याची कारवी दक्षिण गोलार्धातल्या छपरावर कशी बसली हे कळते ते छायाचित्रांमुळेच. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये सर्पंटाइन गॅलरी २००० सालापासून उन्हाळ्यापुरते मंडप उभारत आली आहे. ऑक्टोबरच्या सुमारास ते जातात, आणि बहुतेक जगाला ते चित्रांतच भेटतात. साक्षीदाराला कधी कधी असेही दिसते, जे चालणाऱ्याला दिसत नाही. रॉबिन इव्हान्स या इंग्रज अभ्यासकाने बार्सिलोनाचा पुन्हा बांधलेला मंडप पाहिला आणि नंतर आपल्याच स्लाइड चाळताना त्यांना कोणती बाजू वर हे पटकन ठरवता येईना. आधी त्यांनी दोष छायाचित्रणाला दिला. मग विचार केल्यावर त्यांना कळले की गुण मंडपातच आहे: ऑनिक्सच्या भिंतीतला आडवा सांधा डोळ्यांच्या उंचीवर आहे, त्याच्या वर आणि खाली सारखेच अंतर, फिकट जमीन उजेड वर फेकते म्हणून छत आणि जमीन जवळजवळ सारखीच उजळ दिसतात. डावी-उजवी सममिती टाळणाऱ्या वास्तूत वर-खालची सममिती लपलेली होती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या या विवेचनाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, बघा, कॅमेऱ्याने डोळ्यांवर मात केली. पण क्रम नीट पाहावा. स्लाइडने शंका दिली. निर्णय झाला तो त्या मंडपातून स्वतः हिंडून आलेल्या माणसाकडून. जुन्या छायाचित्रांवर वाढलेल्या दोन पिढ्यांत ही गोष्ट चर्चेचा विषय झाली नव्हती.

साक्ष तपासायची एक रीत हंपीलाच पाहायला मिळते. ग्रीनलॉच्या जुन्या निगेटिव्ह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उजेडात आल्या, तेव्हा जॉन गोलिंग्स या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने १९८३ साली त्याच जागी उभे राहून तीच दृश्ये पुन्हा टिपली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की दगडी रथावर १८५६ साली असलेले विटांचे शिखर आता नाही हे दिसते, कुठे झाडी हटली आहे, कुठे भिंत सावरली आहे. इथे छायाचित्रकाराने आपली अभिरुची बाजूला ठेवून आधीच्या साक्षीदाराच्या जागी पाय रोवले, आणि म्हणून दोघांच्याही म्हणण्याला वजन आले. आज मंडपांची छायाचित्रे पूर्वी कधी नव्हती इतकी निघतात, आणि त्यांतली बहुतेक एकमेकांसारखी असतात, कारण प्रत्येक जण मागच्याचे चित्र पाहून तीच जागा शोधत येतो. गोलिंग्स यांनीही तेच केले असे वरवर वाटेल. फरक असा की त्यांनी आपण कुठे, कधी आणि कोणाच्या मागे उभे आहोत हे चित्रासोबत सांगितले. उभे राहण्याची जागा, वेळ, चौकटीच्या डावीकडे-उजवीकडे काय सुटले, माणसे होती की हटवली, कडा कापल्या की नाही: एवढे प्रत्येक वास्तुचित्रासोबत छापले तर त्याने चित्राचे सौंदर्य उणावणार नाही, आणि वात्स्यायनाची दुसरी अट तपासायला वाचकाला निदान काही हाती लागेल. वास्तुकलेच्या महागड्या ग्रंथांत छायाचित्रकाराचे नाव आणि हक्क बहुधा छापलेले असतात. हे मात्र नसते.